कासरा सोडला तरी सरळ चालणारं विमान

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं वाचताना कुणी मला फार गुणाचा लेक समजायला नको. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी भर माळावर चार माणसांत जे बोललो ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. तरी त्या वर्षाची आठवण आली की मन भरून येतं ते उपकारानंच. एक उपकार जालन्याच्या फौजीचा, एक आबांचा, आणि हसाल तर हसा, एक थर्माकोलच्या विमानाचा.

दोन हजार साल उलटून गेल्तं. माझं बदनापूरला मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या मोटरी जळायच्या, लोक त्या गाडीवर घालून आणायचे, मी तार भरून द्यायचो. गाव हसनाबादकडं, आणि तिथली शेती आबांकडं.

आबा डावखुरे. आमच्याकडं पेरणीला डावा हात चालत नाही, अपशकुन समजतात. पण माझ्या आज्यानं त्यांना पोरवयातच तिफणीमागं उभं केलं होतं. म्हणाला, "बी मातीत गेल्यावर ईचारतंय का, कोणत्या हातानं टाकलं म्हणून?" तिफण एका फेरीत तीन तास, म्हणजे तीन ओळी, पेरते. तिला वर एक लाकडी वाटी असते, चाडं. चालता चालता मुठीतलं बी बोटांतून त्या चाड्यात सोडायचं, याला मूठ धरणं म्हणतात. मूठ सैल पडली की बी दाट पडतं. आवळली की तासात नांग्या पडतात, म्हणजे जागा रिकाम्या राहतात, आणि हंगामभर येणारा-जाणारा बांधावरून त्या बघत जातो. आबांच्या तासात नांगी शोधून सापडायची नाही. मग शेजारीपाजारीही डावा-बिवा हात विसरून पहिली मूठ धरायला त्यांनाच बोलवायला लागले.

त्याच डाव्या अंगावरून एका उन्हाळ्यात वारं गेलं. लकवा. मी त्यांना बदनापूरला आणून ठेवलं. पाय दोन महिन्यांत बराबर चालायला लागला, हात मात्र काही केल्या ऐकेना. बोटं आत वळून बसली. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "बोटं रोज हलवा, न्हाईतर आहेत तशीच राहतील." दाबायला एक रबरी चेंडू दिला. आबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून भिरकावला.

"मी काय रांगतं लेकरू हाय का चेंडू खेळायला?"

"मंग माझ्याजवळ बसून कणीक मळा," बायको म्हणाली.

आबा हसले, पण हात काही पुढं केला नाही. दिवसभर खाटेवर बसून असायचे आणि एकच विचारायचे, "रब्बीला मूठ कोण धरील?" ज्वारीची पेरणी तीन-साडेतीन महिन्यांवर होती. त्या एका प्रश्नात त्यांचा सगळा जीव अडकला होता.

फौजी म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेला विमानाचा मेकॅनिक. माझ्याकडं छोट्या मोटरी घेऊन यायचा. घरामागच्या खोलीत रिमोटवर उडणारी विमानं बनवायचा आणि रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर उडवायचा. मी ते एकदा पाहिलं आणि येडाच झालो. चाळिशीला आलेला बाप्या, पण झोपेतही विमान. एक विमान द्या म्हणून मी त्याच्या मागंच लागलो होतो. शेवटी तो म्हणाला, ये. मग एक दिवस डॉक्टरकडून परतताना आबांना घेऊन मी त्याच्याकडं गेलो. आबांसाठी गेलो असं मी नंतर लोकांना सांगत आलो. खोटं आहे ते. मी माझ्यासाठी गेल्तो.

खोलीत छताला विमानं टांगलेली. माझी नजर सरळ एका लढाऊ विमानावर गेली. हिरवे-तपकिरी ठिपके, नाक टोकदार, पंख पोटाखालून निघालेले. काय रुबाब! त्याच्या शेजारी एक पांढरं, जाडं, पोटाळ विमान होतं. त्याचा पंख डोक्यावर पाटी घेतल्यासारखा वर ठेवलेला, आणि तोही रबरांनी बांधलेला.

"हे लढाऊ द्या," मी म्हणालो.

"आधी कोणतं उडवलंय?"

"कोणतंच न्हाई."

"मग हे मिळायचं नाही. हे पापणी लवायच्या आत उलटं होतं. नवशिक्यानं ते पांढरं घ्यावं."

"अहो, मी रोज धा मोटरी उघडून राह्यलो. मला काय शिकवता?"

"मोटर टेबलावर पडून तुझी वाट बघते. विमान हवेत थांबून वाट बघत नाही."

माझं डोकं सणकलं. गिऱ्हाईक दारात आलंय आणि हा माणूस माल द्यायला नाही म्हणतो! मी वाद घालायला लागलो. तेवढ्यात कट कट कट असा आवाज आला. आम्ही दोघांनी वळून बघितलं. आबांनी स्टुलावरचा रिमोट उचलून मांडीवर घेतला होता. रिमोटला दोन काड्या असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. आबांचा वळलेला डावा अंगठा डावीकडच्या काडीवर होता आणि ती काडी एकेक दाता वर सरकत होती. रबरी चेंडूला दोन दिवसांत कंटाळलेला तो हात आपोआप काम करून राह्यला होता.

"ही परत येत न्हाई का?" आबांनी विचारलं.

"डावी काडी ठेवली तिथंच राहते, बाबा. ती मोटरची, कमी-जास्त करायची. उजवी वळवायची आणि वर-खाली करायची. ती सोडली की मधे येते."

आबांनी मान वर करून सगळी विमानं नीट न्याहाळली. बाजारात बैल बघावा तशी, घाई न करता.

"ह्याच्यातलं कासरा सोडला तरी सरळ चालणारं कोणतं?"

फौजी आबांकडं नाही, माझ्याकडं बघत म्हणाला, "बघ. विचारायचं ते हे." मग त्यानं ते पांढरं विमान खाली काढलं. पंख वर आणि वजन खाली लटकलेलं, शिवाय पंखाची दोन्ही टोकं जराशी उचललेली, त्यामुळं कलंडलं तरी हात सोडला की आपलं आपण सावरतं. जाडा पंख म्हणून हळू उडतं, विचार करायला वेळ देतं.

"मंग हेच," आबा म्हणाले. "नव्या गड्याला म्हातारा बैल द्यावा. खोंड दिलं की खोंड बी नाल्यात अन्‌ गडी बी नाल्यात."

मी तोंड पाडून ते पांढरं विमान घेतलं. मांडीवर ते धरून आबा माझ्यासमोर रेल्वेत बसले तेव्हा डब्यातली सगळी माणसं विचारत होती, आणि आबा सांगत होते, "माझं हाय."

पुढचे रविवार सोन्याचे होते. फौजीकडं दोन रिमोट वायरनं जोडायची सोय होती. एक त्याच्या हातात, एक आबांच्या. बटण दाबून तो विमान आबांच्या स्वाधीन करायचा, चुकलं की बटण सोडून परत घ्यायचा. आबा भेटेल त्याला सांगायचे, "म्हाताऱ्या बैलासंगं गोऱ्हा जुंपलाय, अन्‌ गोऱ्हा मी हाय." मला फौजी वेगळं शिकवायचा. त्याची पहिली ताकीद होती, विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं. घरी आबा बंद रिमोट घेऊन बसायचे आणि दिवसभर कट कट. "ह्या कटकटीनं डोकं उठलं माझं," बायको म्हणायची, आणि लगेच, "उठू द्या. बोटं उघडून राह्यलीत त्यांची." खरंच उघडत होती. पोळ्यापर्यंत आबा डाव्या हातानं ताटलीतलं मीठ चिमटीत धरायला लागले.

पोळ्याला आम्ही गावाकडं गेलो आणि विमान सोबत नेलं. गावाला दाखवायचं होतं, दुसरं काय? फौजी नव्हता. दुसऱ्या दिवशी माळावर निम्मं गाव जमलं. आबांच्या हातात रिमोट. विमान हातानं फेकायचं काम माझं.

"वाऱ्याला पाठ दे," आबा म्हणाले. "उपणायला उभं राह्यल्यावानी."

धान्य उपणताना वाऱ्याला पाठ द्यायची, म्हणजे भुसकट तोंडावर येत नाही. लहानपणापासून खळ्यावर अंगात भिनलेलं. फौजीनं घसा कोरडा करून सांगितलेलं त्या क्षणी आठवलंच नाही. माझं अंग आपोआप वळलं. मी पाठीवर वारा घेतला आणि विमान फेकलं. त्याला पंखाखाली वाराच मिळाला नाही. वीस पावलांवर ते नाकावर दगडांत आदळलं. पंख एकीकडं, धड एकीकडं.

"आबा, विमानाची उपणणी केली की हो!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा माळ हसला.

मी आबांकडं वळलो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधी बोलायला? एका हाताचं माणूस, गप बसावं ना!"

हसणं बंद झालं. आबांनी रिमोट उजव्या हातानं गवतावर ठेवला. डावा हात बंडीच्या खिशात घातला आणि घराकडं चालायला लागले. 

त्यानंतर ते माझ्यासंगं बदनापूरला आले नाहीत. गावातच राहिले. आठ दिवसांनी मी गेलो तर हात खिशातच. भाकरीसुद्धा उजव्या हातानं. कुणी पेरणीचं विचारायला आलं की म्हणायचे, "कुणी बी धरा मूठ." तीन महिन्यांत बोट बोट करून जे उघडलं होतं ते मी एका वाक्यात बंद केलं होतं. मी स्वतःला लई शिव्या दिल्या, पण आबांसमोर तोंड उघडेना. आमच्या घरात बापाला 'चुकलं' म्हणायची रीत नाही.

विमानाचे तुकडे घेऊन मी फौजीकडं गेलो. तो रागवेल असं वाटलं होतं. त्यानं पंख हातात घेऊन फिरवला, तर त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"रबर यासाठीच असतात," तो म्हणाला. "पंख बोल्टनं आवळला असता तर मोडला असता. रबर सुटतात, पंख वाचतो. शिकाऊ विमान पडणार हे धरूनच बनवतात. तुझं ते लढाऊ असतं तर पोत्यात भरून आणलं असतंस." नाक त्यानं फेव्हिकॉलनं तिथंच चिकटवलं. मग विचारलं, "बाबा कसे आहेत?"

मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ नाक पुसत बसला, विमानाचं.

"फेकणारा तू होतास," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं होतं, त्यांना नाही." आणि नव्या रबरांची पुडी माझ्या हातावर ठेवली. "पंख मी बांधत नाही. एकट्याला बांधता येत नाही म्हण, आणि त्यांच्यापुढं ठेव."

मी तसाच गावाकडं गेलो. आबा अंगणात बसले होते. विमान त्यांच्यापुढं ठेवलं.

"आबा, पंख बसंना. रबर ताणायला दोन माणसं लागतेत."

"एका हाताचं माणूस काय कामाचं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. घरात रीत नसली तर नसली. "चुकलं माझं, आबा," मी म्हणालो, आणि नाक ओढत तिथंच मातीत बसलो.

 आबांनी खिशातून डावा हात बाहेर काढला. "आण इकडं."

आठ रबर होते. मी पंख दाबून धरला. आबा एका टोकाला रबर अडकवायचे, ताणायचे आणि डाव्या बोटांनी पंखावरून नेऊन धडाच्या पलीकडच्या खुंटीवर चढवायचे.  चौथा रबर निसटला आणि सप्पकन माझ्या नाकावर बसला. मी "आय आय गं" म्हणून ओरडलो आणि आबा खो खो हसले. पोळ्यानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच माळावर गेलो. "तोंड वाऱ्याकडं कर," आबा म्हणाले. "आज उपणणी न्हाई." मी फेकलं. आबांच्या अंगठ्यानं काडी एकसारखी वर सरकवली, आणि विमान शांतपणे चढत गेलं. दोन चकरा बराबर झाल्या. तिसऱ्या चकरेला त्यांच्या हातात गोळा आला. बोटं वाकडी झाली, आणि त्यांनी दोन्ही काड्या सोडून दिल्या.

"सोडलं रे!" ते ओरडले.

मी धावलो, पण कुठं धावायचं? विमान एका अंगावर कलंडलं. मग त्याचं त्यानं अंग सावरलं आणि सरळ चालायला लागलं. आबांनी हात झटकला, बोटं पुन्हा काडीवर ठेवली.

"चाललंय की," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभा राहून लहान लेकरासारखा रडलो. बाप, फौजी, विमान, सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

पेरणीला तिफणीचं रुमणं, म्हणजे मागचा दांडा, चुलत भावानं धरलं आणि चाड्यावर आबा उभे राहिले. डावी मूठ.  बी मातीत गेलं की लगेच कळत नाही कसं पडलं ते. उगवेपर्यंत थांबावं लागतं. ते आठ दिवस मला दुकानात एक मोटर धड भरता आली नाही.

गेलो तर आबा बांधावर उभे होते. ज्वारी बोटभर वर आलेली. पहिल्या फेरीच्या तिन्ही तासांत ठिकठिकाणी नांग्या होत्या. दुसऱ्या फेरीत कमी. चौथ्या फेरीपासून पुढं, पार नाल्यापर्यंत, हिरवी रेघ कुठं तुटलेली नव्हती.

"आता सांग," आबा म्हणाले, "किती हाताच्या माणसानं पेरलंय?"

 मी वाकून पहिल्या तासातल्या नांगीत बी टोबायला लागलो, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"राहू दे ते," ते म्हणाले. "ते शिकाऊ तास हायेत."