गुड म्हणजे गूळ

माझी सून आयुर्वेदाची डॉक्टर. डोंबिवलीत आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर एका खोलीत तिचा दवाखाना होता. लोक यायचे, बाकावर बसायचे आणि आधी विचारायचे, "सुई देणार ना?" नाही म्हटलं की उठून पुढच्या गल्लीत जायचे. तिने पाच वर्षं सुया टोचल्या. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, मी एम.डी. करणार. काढे-चूर्णं देऊन माणूस बरा करता येतो का, ते मला एकदा नीट बघायचंय."

मी म्हटलं, "साडेपाच वर्षं शिकलीस तेव्हा बघितलं नाहीस?"

"तेव्हा पाठ केलं होतं."

माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. डॉक्टर झालेल्या बाईने परत परीक्षा द्यायची, पदरी पोर असताना, हे मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि केलं तेच. प्रवेश परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. कॉलेज मुंबईला, कोर्स तीन वर्षांचा. सकाळचा दवाखाना बंद पडला, संध्याकाळचा चालू राहिला. नात दुसरीत होती. ती, घर आणि दवाखान्याचा केर माझ्याकडे आला.

दोन वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या वर्षी प्रबंध आला. तोवर हा शब्द मी ऐकला नव्हता. तिने सांगितलं त्यावरून मला समजलं ते इतकंच की, आमवाताची तीस माणसं गोळा करायची. आमवात म्हणजे सांधे सुजतात, सकाळी बोटं वळत नाहीत. त्यांना दीड महिना रोज सकाळी ताजा काढा पाजायचा, आणि सूज किती उतरली, हाताची पकड किती वाढली ते लिहायचं. मध्ये तीन दिवस खाडा झाला की ते माणूस बाद. तीस पुरे झाले नाहीत तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर परीक्षा नाही. आणि सहा महिने पुढे ढकललं तर संध्याकाळचे उरलेसुरले रोगीही जाणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पकड मोजायची तिची पद्धत मला आवडायची. दंडाला बांधायची ब्लड प्रेशरची पट्टी ती गुंडाळून त्यात थोडी हवा भरायची आणि रोग्याच्या मुठीत द्यायची. "दाबा." पारा किती चढला ते वहीत.

पहिल्या खेपेला तिने रजा काढली आणि स्वतः समोर उभं राहून काढा पाजला. सव्वीस माणसं होती, उरली अकरा. बाकीची कडूपणाने पळाली. तिच्याबरोबरच्या एका मुलीचे सगळेच रोगी गेले होते, ती मुलगी फोनवर रडायची आणि आमची सून नखं खात ऐकायची. त्या दिवसांत ती ताटावर बसली तरी मनात आकडे मोजायची. मुलगा म्हणायचा, "अगं, घास तरी मोज." ती हसायचीही नाही.

दुसऱ्या खेपेला एकोणीस माणसं मिळाली. अकरा आणि एकोणीस तीस. एकही जादा नाही. तिची रजा संपली होती, सातला घर सोडावं लागायचं. म्हणून सकाळी दवाखान्यात काढा द्यायचं काम माझ्याकडे आलं. काढ्याची भरड पुड्यांत बांधून ठेवलेली असायची. रास्ना, देवदार, एरंडमूळ, गुळवेल आणि काय काय. एक पुडी, चार पेले पाणी, एक पेला उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं, गरम गरम द्यायचं. एकोणीस माणसांचा म्हणजे मोठ्या पातेल्याचा कारभार. मी लग्नाकार्यात स्वयंपाक केलेली बाई, मला त्याची भीती नव्हती.

तिसऱ्या दिवशी कोळीण म्हणाली, "उद्यापासून मी नाय येत गो म्हातारे."

ही कोळीण खाडीकाठच्या गावातली, आमच्या बाजारात मासळी विकायची. बोटं सुजून कोयता धरता येत नव्हता.

"का गं?"

"मासळी विकायची आणि खायची नाय, हे तुझ्या सुनेचं ऐकला. पण ह्यो काढा नाय जात. सांधे माझे, तशी जीभ पण माझीच हाय ना?"

तिच्यामागे बसलेले दोघंतिघं माना हलवायला लागले. एक निवृत्त मास्तर होते, ते म्हणाले, "आजी, खरं आहे. संध्याकाळपर्यंत तोंड कडू राहतं."

ही एक उठली की चार उठतील. चार उठले की सुनेचं वर्ष गेलं. संध्याकाळी ती आली की पहिला प्रश्न असायचा, "किती आले?" त्या प्रश्नाला अठरा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पातेल्यात गूळ घातला. चांगला मुठीएवढा खडा. पोराला कडू औषध द्यायचं तर गुळातून द्यायचं, हे आमच्या सात पिढ्या करत आल्या. आणि गुळवेलीच्या नावातच गूळ आहे, मग पातेल्यात गेला तर काय बिघडलं, असंही मी मनाशी म्हटलं. सुनेला सांगितलं नाही. विसरले नव्हते. ती नको म्हणेल असं वाटलं म्हणून सांगितलं नाही.

कोळणीने पेला रिकामा केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज बरा झालाय."

त्यानंतर एकही माणूस गळला नाही. सून कॉलेजातून आली की मी दारातच सांगायची, "एकोणीस." तिच्या सरांनी वर्गात तिचं कौतुक केलं. ती मला म्हणाली, "आई, तुमच्या हाताला गुण आहे." मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

आता त्या कागदाबद्दल सांगते. दवाखान्याच्या कपाटावर कॉलेजातून आणलेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, "अपथ्य: दधि, मत्स्य, गुड, क्षीर, माष." मला वाचता येतं, अक्षर लावून वाचते. केर काढताना तो कागद मी रोज वाचायची. दधि पूजेतलं माहीत होतं. मत्स्य म्हणजे पहिला अवतार. क्षीर क्षीरसागरातलं. माष म्हणजे मांस असेल, छापताना चुकलं असेल असं धरलं. आणि गुड म्हणजे आमच्या नातीला तिच्या बाई वहीत लाल शाईने देतात ते. नात रोज नाचत सांगायची, "आजी, आज गुड मिळालं." मासे आणि दूध यांच्या मध्ये शाबासकी कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

चौथ्या आठवड्यात सून गप्प गप्प झाली. वही उघडून बसायची. "पहिल्या अकरांची पकड महिन्यात वाढली होती. ह्यांची जागची हलत नाही. काढा तोच, माप तेच. असं कसं?" मी म्हटलं, "थंडी आहे." ती म्हणाली, "तेव्हाही थंडीच होती."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कोणी नवीन बाई गुडघे दाखवायला आल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले होते. सून कपाटावरच्या कागदाकडे बोट करून त्यांना सांगत होती, "दही बंद. मासे बंद. गूळ बंद. दूध आणि उडीदसुद्धा."

मी कागदाकडे बघितलं. तिसरा शब्द. तिने तिसरा शब्द गूळ वाचला.

तांब्या मी ठेवला, सांडला नाही. वर आले, गॅसजवळ उभी राहिले. गूळ चालतो की नाही एवढ्यापुरता हा प्रश्न नव्हता. या रोगात नको असलेल्या पाच गोष्टींत तो मोजून घातलेला होता, आणि मी तो एकोणीस माणसांना रोज पाजत होते.

दुसऱ्या दिवसापासून गूळ बंद केला. म्हटलं, उरलेल्या दिवसांत भरून निघेल. लोकांनी तोंडं वाकडी केली. मी सांगितलं, "भरड ताजी आहे, म्हणून कडू लागते." एक खोटं झाकायला दुसरं. फोन वाजला तरी वाटायचं, कळलं. जेवण जाईना. मुलगा म्हणाला, "आई, आता तू पण मोजायला लागलीस का?"

सुनेला वाटलं, काष्ठौषधीवाल्याने भेसळीचा माल दिला. शनिवारी ती मला घेऊन कल्याणला त्याच्या दुकानात गेली. "रास्ना खोटी दिलीत तुम्ही. माझे एकोणीस रोगी वाया घालवलेत." तो बिचारा पोती उघडून दाखवत होता. "ताई, वास घ्या. वडिलांपासूनची गिऱ्हाइकं आहेत हो माझी, मी असं करेन का?" मी पिशवी धरून बाजूला उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "रास्नेत सगळेच फसवतात."

दुसऱ्या दिवशी रविवार. सून घरी. काढा देताना ती स्वतः समोर बसली, मुठी मोजायला. कोळणीने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"डॉक्टरीणबाय, तुझी सासू चिंगूस झाली गो."

"काय झालं?"

"आधी कसा झकास गूळ घालायची. चार दिवस झाले, बंद केलाय."

सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. कोळणीलाच विचारलं, "मी तुम्हाला गूळ खाऊ नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"तो खायचा गूळ. ह्यो औषधातला. तुझ्याच घरात शिजतोय, मग चालत असंल असा वाटला."

मास्तर म्हणाले, "आम्हालाही तसंच वाटलं."

मी सांगणारच होते, असं मी लिहिणार नाही. मला सांगायचं नव्हतं. कोळणीने सांगितलं म्हणून निघालं.

माणसं गेल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

"रोज?"

"रोज."

तिने वही मिटली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "अगं, कोणाला कळणार आहे? तीस झालेत ना? लिहून टाक."

"आई, काढ्याने गुण येत नाही असं लिहू? ते खोटं आहे. येतो असं लिहू? तेही खोटं आहे. काय लिहू ते तुम्हीच सांगा."

मी तिला कपाटाजवळ नेलं आणि गुड म्हणजे मला काय वाटलं ते सांगितलं. ती तिथल्याच बाकावर बसली. हसली का रडली मला कळलं नाही, तोंड ओंजळीत होतं.

सोमवारी मी तिच्याबरोबर कॉलेजात गेले. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, "तू सांगितलंस तर सर म्हणतील सासूवर ढकलते." सर म्हणजे वाळलेले, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी एकच विचारलं.

"आजी, गूळ जुना होता की नवा?"

"नवा. पिवळाधमक. मी जुना काळा गूळ घरात आणत नाही."

"जुना असता तर पथ्यात बसतो म्हणून निदान वाद घालता आला असता," ते म्हणाले आणि सुनेकडे वळले. "एकोणीस बाद. नवीन घ्या. या वेळची परीक्षा नाही."

सुनेने मान हलवली. मग त्यांनी अपथ्याच्या त्या कागदाची कॉलेजातली प्रत मागवली आणि पुन्हा एकदा वाचली. "हा मीच लिहिलाय," म्हणाले. "रोग्याला वाचता येईल असा लिहायला हवा होता." चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच लिहा. तुम्हाला कळेल असा."

परीक्षा सहा महिने पुढे गेली. संध्याकाळचे रोगी कमी झाले, व्हायचे ते झाले. सुनेने कल्याणला जाऊन दुकानदाराची माफी मागितली. मी गेले नाही, मला लाज वाटत होती. माणसं मिळेनात. मी कोळणीच्या घरी गेले. ती मासळीच्या जाळ्याजवळ बसली होती. म्हणाली, "माझे हात तुझ्या गुळाने घालवलेस, आता कोणाचे घ्यायला आलीस?" आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या सांधे धरलेल्या सात जणी घेऊन आली. त्यांना दारातच बजावलं, "कडू हाय. थुंकायचा नाय. थुंकलात तर ह्या सासूचा वरीस जातो." माझं नव्हे, सुनेचं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तेच ते."

त्या खेपेला मी रोज पातेल्यावर उभी राहिले आणि गुळाचा डबा शेजारणीकडे ठेवला. रोज वाटायचं, आज कोणीतरी उठणार. काही उठलेच. त्यांच्या जागी दुसरे घेतले. तीस झाले तेव्हाही माझा विश्वास बसला नाही, मी तिला वही दोनदा मोजायला लावली.

प्रबंध बांधून आला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. मी तो लावून लावून वाचला, समजला काहीच नाही. दोन ठिकाणी मी आहे. एका पानावर लिहिलंय, "एकोणीस रुग्णांत अपथ्यसेवन घडल्याने ते अभ्यासातून वगळण्यात आले." आणि सगळ्यात शेवटी माझ्या अक्षरातला कागद आहे. दही, मासे, गूळ, दूध, उडीद. गूळ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. छापताना त्या तशाच राहिल्या.