कोपऱ्यातलं टरफल

२००७ साल. मला त्र्याहत्तर पुरी झालेली. अमेरिकेत, पिस्कॅटवेत मुलाच्या घरी सकाळचा चहा पीत होतो, तेवढ्यात नामदेव शिर्केच्या संदीपचा फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच." तिसऱ्या दिवशी नामदेवला शेवटचं बघायला गेलो तर अंगात कोट, गळ्यात टाय, गालाला पावडर, ओठांना रंग. ऑक्टोबर लागला की माकडटोपी घालून बसणारा माणूस, त्याचा इथल्या अंत्यविधीवाल्यांनी भांग पाडला होता. मला शिसारी आली. मेल्यावरसुद्धा नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखा नटवतात इथं.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण हुतूतूत मी डावा कोपरा खेळलो, पाच तालुक्यांत माझी पकड कुणी सोडवली नाही, हे लिहायला शाळा लागत नाही. नामदेव दुसऱ्या जिल्ह्यातला चढाईवाला. गावाकडं कधी गाठ पडली नाही, गाठ पडली ती इथं, कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणाबाहेरच्या बाकावर. मुलं-सुना कामावर गेल्या की आम्ही दोघं तिथं, मध्ये त्याचा भुईमुगाच्या शेंगांचा डबा, आणि कुंपणाआड फुटबॉलचा सराव. फुटबॉल कसला, पाय बॉलला लागतच नाही. लोखंडी टोपड्यातले रेडे एकमेकांवर आदळतात आणि ढीग होतो. मी रोज थुंकायचो आणि रोज जायचो, कारण दुसरं जायचं कुठं?

पहिल्या वर्षी त्यांची खेळी एकच. बॉल घेऊन उभा राहणारा पोरगा, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो बॉल पळणाऱ्याच्या पोटात द्यायचा आणि पळणारा मधल्या गर्दीत घुसायचा. दुसऱ्या वर्षी मी बघितलं की समोरच्या रांगेतला अगदी कडेचा गडी हे अडवतच नाहीत, मोकळा सोडतात. मी खो खो हसलो. त्यांना खेळ शिकवणारा मास्तर आंधळा आहे, एक माणूस विसरला, असं मी देवळात, दुकानात, भेटेल त्याला सांगितलं. नामदेव मात्र आठ दिवस नुसता बघत राहिला, मग बाकावर शेंगदाणे मांडले आणि कडेला एक रिकामं टरफल ठेवलं. "तात्या, हे टरफल म्हणजे तो मोकळा गडी. त्याला अडवायला माणूस वाया घालवायचाच कशाला? पोरगा बॉल देता देता याच्याकडं बघतोय. हा पळणाऱ्यावर धावला की बॉल काढून घ्यायचा आणि ह्यानं सोडलेल्या जागेतून स्वतः पळायचं. हा जागेवर राहिला की देऊन टाकायचा."

"आणि टरफलच का?"

"कारण हा तू. डावा कोपरा. पाय आधी टाकणारा."

पुढच्या वर्षी त्याच खेळीत बाहेरून एक तिसरा पोरगा पळायला लागला. क्वार्टरबॅक अडला की बॉल त्याच्याकडं. यंदा आणखी एक फांदी फुटली, सगळे पळणाऱ्यामागं लागले की एकजण गुपचूप पुढं सटकतो आणि बॉल त्याला फेकतात. प्रत्येक वेळी नामदेवनं आधी ओळखलं, आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो, थोतांड. कळलं नव्हतं असं नाही... मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. शेवटच्या भेटीत तो शेंग सोलता सोलता म्हणाला, "एकदा म्हण की लेका, नामदेवा, तुझं बरोबर. माझ्यापुरतं म्हण." मी काठी उचलली आणि निघून आलो. आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. नवव्या दिवशी तो फोन.

दहन झालं त्या संध्याकाळी संदीपकडं माणसं जमली. कागदी ताटल्यांत समोसे, एकीकडं पार्किंगची चर्चा. संदीप डोळे पुसत म्हणाला, "बाबांना इथं काही हॉबीच नव्हती. बोअर व्हायचे बिचारे. बाकावर नुसते बसायचे." सगळ्यांनी माना हलवल्या. "सो सॅड यार," एकजण म्हणाला आणि चटणी वाढून घेतली. मला किळस आली. चार वर्षं ज्यानं एक अख्खा खेळ डोळ्यांनी उलगडला तो नुसता बसायचा? ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर आपण कुठं फसलो तेही सांगावं लागणार, म्हणून मी गप्प समोसा खाल्ला. त्या ताटल्यांपेक्षा, त्या पावडरीपेक्षा जास्त किळस मला माझीच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत संदीपकडं गेलो. "काका, इतक्या लवकर? ऑल ओके ना?" दाराशी खुंटीवर माकडटोपी, खाली चपलांशेजारी शेंगांचा डबा. डबा उचलला, जेवायच्या टेबलावरच्या ताटल्या बाजूला सारल्या, शेंगा फोडल्या, दाणे मांडले. कडेला टरफल ठेवलं.

"हे काय, काका?"

"हा मी," म्हणालो. "बस इथं. तुझ्या बापानं मला कसा चुकवला ते बघ."