मास्कच्या आत गोड लागलं

"गोड लागलं ना साहेब. अजून मारा थोडं."

हे वाक्य माझं. राजुऱ्याजवळच्या कोळसा फोडायच्या प्लांटवर, सगळ्या पाळीसमोर, तोंडाला मास्क आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत प्लास्टिकचं टोपडं चढवलेलं असताना मी हे बोललो.

झालं असं. आम्हा ठेकेदारी कामगारांना नवे मास्क मिळाले होते. मास्क तोंडावर बसतो का, याची तपासणी होती. सेफ्टीचा साहेब टोपड्याच्या भोकातून गोड पाण्याचा फवारा आत मारायचा. मास्क घट्ट असेल तर जिभेला काहीच लागत नाही. गोड लागलं म्हणजे मास्क गळतो. जिथून गोडी शिरली तिथून धूळही शिरणार. हे साहेबानं आधी समजावलं होतं. इंग्रजीत. मी मान डोलावली होती. मान डोलवण्यात मी हुशार. मला वाटलं, गोड लागलं म्हणजे पास!

"प्रसाद वाटला का रे?" साहेबानं माझ्या कार्डावरचं आडनाव वाचलं. "अच्छा. तरीच. फुकटचं दिसलं की तुम्हा लोकांचं तोंड उघडतं."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

माझी गालफडं बसलेली. मास्क मोठ्या मापाचा. गालाशी बोट जाईल एवढी फट. लहान मापाचे मास्क ऑफिसच्या काचेच्या कपाटात होते, मी पाहिले होते. मागितला.

"ते प्लांट बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. तुझ्या तोंडाला लागलेला मास्क पाहुणे लावतील का?"

आणि माझ्या नावापुढं त्यानं लिहिलं, पास. मी खाली सही केली. अक्षर चांगलं आहे माझं, म्हणून जरा नक्षीदारच केली.

पुढं वर्षभर मी हा किस्सा सांगत फिरलो. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, साहेबाच्या आवाजासकट. आडनाव, 'तुम्हा लोकांचं' आणि पाहुण्यांचं तेवढं गाळायचो. का गाळतो, हे स्वतःला विचारलं नाही.

रोज संध्याकाळी मास्क काढला की आतून काळी रेघ दिसायची. नाकापासून गालापर्यंत. सकाळी थुंकायचो तेही काळं. पायानं माती सारून झाकायचो.

क्रशरच्या पट्ट्यावर माझ्या आधी मारोतीभाऊ होता. एकटा पोतं उचलून ट्रकवर टाकणारा. आता घरापुढं बाजेवर बसलेला असतो. रात्रीही बसूनच. आडवा झाला की दम लागतो. एका रविवारी त्याच्याकडं गेलो, आणि सवयीनं किस्सा सुरू केला.

'अजून मारा थोडं' म्हटलं आणि भाऊ हसला. हसला आणि श्वास परत येईना. ओठ जांभळे पडले. मान पुढं, हात बाजेच्या काठावर. त्याची बायको पाठ चोळत होती आणि माझ्याकडं बघत होती. मी साहेबाची नक्कल करताना वर नेलेला हात तसाच हवेत धरून उभा.

दम जरा बसल्यावर भाऊ बोलला. दोन शब्द, मग थांबणं.

"मलेबी... माह्या तपासणीत... गोडच... लागलं होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

"सांगतलं असतं त... गेटबाहेर केलं असतं. तू येडा... म्हणून बोलून गेला."

त्याची बायको म्हणाली, "हासवाले नोको येत जाऊ बापा आता."

परतताना तो किस्सा मी स्वतःला पुरा सांगितला. गाळलेलं सगळं घालून. हसू आलं नाही. त्या बाजेवर माझ्या मापाची जागा दिसत होती.

यंदा पुन्हा तपासणी लागली. सुपरवायझर रांगेतून फिरला. "आयका बे. गोड लागो का तिखट, काई नाई लागलं म्हणाचं. नाई त गेटपास ठेवा इथी."

माझी पाळी. तोच साहेब, तोच फवारा. त्याच्या ओठांवर हसू तयारच होतं.

"काय, आज प्रसाद?"

"गोड लागते. मास्क गळते साहेब. कपाटातला लहान द्या."

"तुला एकदा सांगितलंय ना, ते..."

"सांगतलं. पाहुण्यांचे हायेत. पण कोळसा पाहुणे नाई फोडत. मी फोडतो."

कोणी हसलं नाही. साहेबानं कागद सरकवला. नावापुढं पास आधीच लिहिलेलं. मी पेन घेतला, त्यावर काट मारली, बाजूला लिहिलं, नापास. मग सही केली. साधी. मोबाइलवर फोटो काढला. गेटपास त्यांनी तिथंच काढून घेतला.

माझ्यामागं दोघं म्हणाले, गोड लागते. बाकीचे 'काई नाई' म्हणाले आणि आत गेले. त्यांना काय बोलू? वर्षभर स्वतःच्या अपमानावर टाळ्या घेत होतो मी.

सरकारी कामगार ऑफिसात लेखी तक्रार दिली आहे, फोटो जोडून. पाळी सुटायच्या आणि भरायच्या वेळी गेटबाहेर उभा असतो. येईल त्याला दाखवतो. दोन्ही तळवे मास्कवर दाब. जोरानं श्वास सोड. हवा डोळ्याला, गालाला लागली तर मास्क गळते. आत जाऊ नोको. सिक्युरिटीनं दोनदा हुसकावलं. उद्याही हुसकावतील. मापाचा मास्क प्रत्येकाच्या हातात पडेपर्यंत मी त्या क्रशरखाली पाय ठेवणार नाही, आणि या गेटवरून हलणारही नाही.