वीतभर नळी

परवा हिंगोलीला आमच्या घरी नातजावई आला होता. तो औषधांच्या कारखान्यांच्या पाइपलाइन डिझाइन करतो. चहा पिता पिता सहज म्हणाला, "आजोबा, आमच्याकडं पाणी कुठंही थांबलेलं चालत नाही. पाइपाला बोटभर आंधळा, टोक बंद असलेला फाटा राहिला तरी अख्खी लाइन नापास."

माझा चहा तसाच राहिला... वय सत्त्याण्णव. बरंच विसरलो, पण एक फाटा विसरता येत नाही. (टाइप नात करतेय, चुका तिच्या.)

निजाम जायच्या एक-दोन वर्षं आधीचा उन्हाळा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, वाफेच्या पाइपांची कामं करायचो. गावात एक छोटा खाजगी दवाखाना होता. सलाइनसाठी लागणारं डिस्टिल्ड वॉटर तिथले डॉक्टरसाहेब मागच्या खोलीत यंत्रावर स्वतःच काढायचे. यंत्रापासून बाटल्या भरायच्या टेबलापर्यंत त्यांना नळी हवी होती.

मी तांब्याची नळी टाकली, आतून कल्हई करून घेतली. काम कसं चकाचक! आणि जिनिंगमधल्या सवयीनं मध्येच एक वीतभर फाटा काढून टोपण बसवलं... पुढं दुसरी तोटी लागली तर असू द्यावा म्हणून. आमच्याकडं असा फाटा ठेवला नाही तर मिस्त्री शिव्या घालायचा. डॉक्टरसाहेबांनी शाबासकी दिली आणि मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

वैशाखात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. हट्टा, डोंगरकडा अशा गावांकडून बैलगाड्या येऊ लागल्या. सलाइन चढलं की सुकलेला माणूस डोळे उघडायचा, घरच्यांना नावानं हाक मारायचा. आणि मग बरोबर अर्ध्या तासानं... हुडहुडी.

साधीसुधी नाही. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत माणूस चार घोंगड्यांखाली थडथडतोय. खाटेचे लोखंडी पाय फरशीवर वाजायचे. खाट बदलली, खोली बदलली, भरलेल्या बाटल्या पुन्हा उकळल्या... अर्धा तास झाला की खाट वाजायचीच.

हट्ट्याचा एक धडधाकट गडी त्या हुडहुडीतच गेला. त्याची बायको म्हणाली, "मरीआई बाटलीतून आत शिरून राहिली, साहेब." लोकांनी खोलीच्या उंबऱ्यावर लिंबं ठेवली. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं.

आणि एका दुपारी डोंगरकड्याहून आलेल्या गाडीत माझी आक्का निघाली. माझी थोरली बहीण. गाल आत गेलेले, बोटांची कातडी चुरगळलेली, नाडी हाताला लागेना. सलाइन दिलं नाही तर ती संध्याकाळ बघणार नव्हती. दिलं तर हुडहुडी तिच्याच्यानं सोसवणार नव्हती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "देवाचं नाव घे आणि मागच्या खोलीतून बाटली आण."

मागच्या खोलीत गेलो. यंत्र सकाळपासून चालू होतं. बाटली उचलायला वाकलो, तोल सावरायला नळी धरली... गरम. हात पुढं सरकवला, गरमच. मग हात फाट्यावर आला आणि तो गार लागला. रांजणाच्या बुडासारखा गार.

शेजारून दिवसभर गरम पाणी वाहतंय आणि या वीतभर तुकड्याला त्याचा पत्ताच नाही?

टोपण काढलं. पाणी गळलं... स्वच्छ, वास नाही, काही नाही. बोटांत चोळलं, तर बुळबुळीत! महिनाभर ते तिथं दबा धरून बसलं होतं आणि प्रत्येक बाटलीत थोडं थोडं उतरत होतं.

पळत बाहेर आलो, साहेबांच्या कानाशी लागलो. "साहेब, चूक माझी हाय. माझ्या नळीत पानी कुजून राहिलं. ती बाटली नका देऊ आक्काला!"

डॉक्टरसाहेबांनी माझी ओली बोटं पाहिली. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. हळूच म्हणाले, "उकळल्यावर जंतू मरतात रे. पण मेलेले जातात कुठं? पाण्यातच राहतात. त्यांचंच विष भिनतंय."

"दुरुस्तीला किती वेळ?"

"दोन तास, साहेब."

"तोवर मी हिला धरून ठेवतो. पळ."

ते आक्काच्या ओठांत मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं सोडत बसले. मी फाटा मुळापासून कापला, डाग देऊन भोक बुजवलं, थेंबही रेंगाळू नये म्हणून नळीला उतार दिला. आतून वाफ सोडली, पहिलं दोन घागरी पाणी फेकून दिलं. घाईत दोनदा हात भाजला. नवी बाटली भरून, उकळून निवेपर्यंत सूर्य कलला होता.

सलाइन चढलं. आक्कानं डोळे उघडले... पण मी तिच्याकडं बघतच नव्हतो. मी खाटेच्या पायांकडं बघत होतो. सगळा वॉर्ड बघत होता. घड्याळ टकटकत होतं.

अर्धा तास झाला. खाट करकरली... मी झेपावून खाटेचा पाय धरला. आक्का फक्त कुशीवर वळली होती. "काहून असा बघून राहिला रे? जेवला न्हाईस का?" मी तिथंच फरशीवर बसलो आणि लेकरासारखा रडलो.

आक्का पुढं खूप जगली. त्या दवाखान्यात तिच्यापासूनच हुडहुडी थांबली, म्हणजे मरीआईनं आपल्याला सोडलं, अशी तिची पक्की समजूत. दर आषाढात देवीला नैवेद्य न्यायची आणि मला ओढत सोबत घ्यायची. मी तिला खरं कधीच सांगू शकलो नाही. डॉक्टरसाहेबही कुणाला बोलले नाहीत.

देवीपुढं मी नुसता हात जोडून उभा राहायचो, मागायचो काही नाही. हट्ट्याचा तो गडी माझ्या हातच्या कामानं गेला आणि आळ आला तिच्यावर... ती तो निमूट सोसतेय, एवढे उपकार मला पुष्कळ झाले.