मापाने बेतलेला ओटा

माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात तयार शर्ट अंगाला लावलेला नाही. ते पुरुषांचे कपडे शिवणारे शिंपी. तयार कपडा हा कपडा नसून अफवा आहे, असं त्यांचं मत: नीट कुणालाच बसत नाही, पण सगळे अंगावर घेऊन फिरतात. हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात आणि त्यावर स्वतःच हसतात. त्यांच्या दुकानात कापड टाकलं की आधी माप, मग कच्ची शिलाई, मग ट्रायल, मग उसवणं, मग पुन्हा ट्रायल, अशी त्याची यात्रा सुरू होते, आणि लग्नाचा कोट नवरदेवाच्या हाती पडतो तेव्हा त्याचं पहिलं मूल चालायला लागलेलं असतं. तरीही लोकांनी त्यांना कारागीर म्हणून डोक्यावर घेतलं आहे. उशीर करणाऱ्या माणसाला आपल्याकडे फार लवकर कलावंत म्हणतात.

अशा माणसावर राहतं घर विकण्याची वेळ आली.

कारण ताईचे गुडघे. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिना ज्याने बांधला त्याने माणसाच्या पायाविषयी बहुधा नुसतं ऐकलेलं असावं. ताई खाली उतरायची ती फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरती. परतताना प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकायची, आणि कुणी दिसलं की "काही नाही, उगाच उभी आहे" म्हणायची. मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं एक घर विकायला निघालं होतं. मालकीण निवृत्त नर्स. तिने ताईची चाल पाहिली होती, म्हणून ती थांबायला तयार झाली. "पण फार थांबणार नाही हं," हेही तिने सांगून ठेवलं. तेव्हा प्रश्न सरळ होता. वरचं घर लवकर गेलं तर ताई जमिनीवर येणार. नाही तर जन्मभर खिडकीतून रस्ता बघणार.

सरळ प्रश्नाचा गुंता करायला माणसं लागतात, आणि ती आमच्या घराण्यात मुबलक आहेत.

पहिला आला तो घरांचा एजंट. दोन्ही खोल्यांवरून त्याने नजर फिरवली आणि स्वयंपाकघराच्या दारात तो मयताच्या घरी थबकावं तसा थबकला. त्यात त्याची चूक नव्हती. अर्ध्या भिंतीपर्यंत पिवळ्या पडलेल्या टाइल्स, निखळल्या तिथे नुसतं सिमेंट; ओट्याच्या काळ्या दगडाची कड झिजून बोथट झालेली; सिंकखालचं दार कोटाच्या मजबूत दोऱ्याने बांधून ठेवलेलं. ओट्यासमोर जमिनीवर एक लाकडी पाट.

"काका, घर झकास आहे," एजंट म्हणाला. "पण पार्टी किचन बघते आणि आल्या पावली परत जाते. दगड बदला, ट्रॉल्या लावा, चिमणी बसवा. महिन्यात घर गेलं नाही तर नाव बदलीन."

"कुणाचं?" भावोजींनी विचारलं.

मग दूरच्या शहरातून भाच्याचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकण्यासाठी त्याला उंटही लागत नाही. "बाबा, सगळं पांढरं करा. फोटोत उठून दिसतं."

"फोटोत स्वयंपाक कोण करणार आहे?" ताईने मागून विचारलं.

माझं मत कुणी मागितलं नव्हतं, म्हणून मी ते सविस्तर दिलं. घर घेणारा माणूस ताबा मिळताच आधी स्वयंपाकघर फोडतो. दुसऱ्याच्या पसंतीत शिजवायला कुणी राजी नसतं. आहे तसं विका, चार पैसे कमी घ्या आणि ताईला खाली आणा.

"मेहुणे," भावोजी मला म्हणाले, "मळका कोट बाहेर टांगला तर दुकानात कोण शिरेल?"

"पण जो कोट गिऱ्हाईक घरी नेऊन फाडणारच आहे, तो धुवायचा कशाला?"

"ते गिऱ्हाईक बघेल," भावोजी म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

गवंडी आला. त्याने साधा प्रश्न विचारला: "ओटा किती उंच ठेवू? स्टँडर्ड धरू?"

"स्टँडर्ड?" भावोजींनी खिशातून टेप काढली. "या नावाच्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही. अगं, इकडे ये जरा. भिंतीला टेकून उभी राहा. हात कोपरात दुमड."

ताई पदराला हात पुसत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर संकोच होता आणि तो रास्त होता; पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या या गृहस्थाने संसारात पहिल्यांदाच बायकोचं माप घेतलं. कोपराखाली चार बोटं सोडून त्यांनी भिंतीवर खडूची रेघ ओढली. रेघ जुन्या ओट्याच्या चांगली वीतभर खाली आली. भावोजींनी रेघेकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पाटाकडे.

"हा पाट इथे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. ओटा उंच पडतो ना मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ट्रायल घेतलीत का?"

गवंडी हसला, त्याचं काय जात होतं. मला मात्र हसू आलं नाही. परक्यांच्या खांद्यांचा उतार ज्यांना तोंडपाठ, कुणाचा डावा हात अर्धं बोट लांब आहे हे रस्त्यात लांबून ज्यांच्या लक्षात येतं, त्यांना स्वतःच्या घरात रोज पाटावर चढणारी-उतरणारी बायको दिसली नव्हती. गुडघे कशाने गेले, हे माझ्यापुरतं तरी त्या दिवशी कळलं. कलावंतांची नजर अशीच असते. पैसे देणाऱ्यावर ती बरोबर पडते.

पुढे जे झालं त्याला मूर्खपणा म्हणणं हा सौम्यपणा होईल. मी म्हणालो, "भावोजी, घर विकायचं आहे. ताईला विकायचं नाही. ओटा घेणाऱ्याच्या उंचीचा हवा."

"घेणारा कुठे आहे? बोलवा. त्याचं माप घेतो."

"तो अजून आलेला नाही."

"मग समोर जे अंग उभं आहे त्याचंच माप घ्यायचं. न आलेल्या गिऱ्हाइकाचा कोट मी शिवत नाही."

त्यांनी खोकी फाडून पुठ्ठ्याचा ओटा उभा केला, टाचण्या मारल्या, आणि ताईला त्यावर पीठ मळल्याचं सोंग करायला लावलं. बोटभर खाली घेतला. पुन्हा सोंग. अर्धं बोट वर घेतला. गवंडी जिन्यात बसून चहा पीत राहिला. दगड आला तोही हातभर जास्त लांब. दाब ठेवलाय, म्हणाले. शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड मुडपून ठेवतात, त्याला दाब म्हणतात.

"भावोजी, दगड उसवून सोडता येत नाही."

"कापता तर येतो? कमी पडलेला मात्र वाढत नाही."

चिमणीसुद्धा ताईच्या उंचीला बसली, आणि फळ्या तिचा हात पोहोचेल तिथे. सगळं पांढरं. फोटो उत्तम आले, असं भाच्याने कळवलं.

पार्ट्या येऊ लागल्या. पहिल्या बाईने ओट्यावर हात टेकले आणि ती पाय धुवायला वाकल्यासारखी दिसू लागली. "हे मुलांना खेळायला केलंय का?" तिने सरळ विचारलं. दुसऱ्या गृहस्थांनी कौतुकाने पुढे होऊन चिमणीवर डोकं आपटलं आणि पुढचं घर न बघताच ते उतरले. एजंट कुरकुरला, "काका, पार्टीला वाकावं लागतंय." भावोजी म्हणाले, "वाकू दे की. माणसाने घरात वाकूनच असावं." महिना उलटला. एजंट यायचा बंद झाला. नाव त्याने बदललं नाही.

मग नर्सबाईंचा निरोप आला: दुसरं एक कुटुंब घर बघून गेलं आहे, रविवारपर्यंत वाट बघते.

मी गेलो तेव्हा ताई नव्या ओट्याशी पीठ मळत होती. पायाखाली पाट नव्हता.

"आवडला ना?" मी विचारलं. माझ्या स्वरात खोच होती, ती तिने घेतली नाही.

"फार. खांदा दुखत नाही रे. लग्नानंतर पहिल्यांदाच." तिने पिठाचा हात पुसला. "पण इथे नको होता हा. मला खाली जायचंय. काल कुणीतरी खालून हाक मारली. मी खिडकीशी पोहोचेपर्यंत निघून गेली. कोण होती तेही कळलं नाही."

भावोजी दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं. त्याच दिवशी दुकानाचं दार अर्धं ओढून ते बाहेर पडले, आणि ट्रायलला आलेल्या एका गिऱ्हाइकाला अर्ध्या बाहीत उभं ठेवून, ओळखीच्या प्रत्येकाला घर घेतो का म्हणून विचारत फिरले.

त्यांतूनच एक गिऱ्हाईक निघालं: व्हायोलिन दुरुस्त करणारा, एकटा, बांबूसारखा उंच माणूस. तो स्वयंपाकघरात आला, ओट्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"ही पडेल ना? इथे एकच मोठी खोली करणार. मी बाहेर जेवतो. चहापुरती शेगडी पुरे."

"आणि ओटा?" भावोजींनी विचारलं.

"फोडणार. तुम्हाला हवा तर काढून न्या."

मी जे पहिल्या दिवशी बोललो होतो ते शब्दशः खरं ठरलं होतं. मी भावोजींकडे पाहिलं. ते टेप काढत होते. ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो रे बाबा, तू म्हणाला होतास. आता जरा बांधायला दोरी शोध."

शनिवारी व्यवहार ठरला, रविवारी नर्सबाईंना होकार गेला. तो दगड तीन मजले उतरवताना हमालांनी भावोजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्यांतल्या एकाही शब्दाशी माझा मतभेद नव्हता. विकण्यासाठी केलेलं स्वयंपाकघर विकलं न जाता पाठीवरून नव्या घरी गेलं, असा व्यवहार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. ओटा, ट्रॉल्या, चिमणी, फळ्या, सगळं तळमजल्यावर ताईच्या मापात बसलं. बसला नाही तो फक्त दाब. जादा ठेवलेला हातभर दगड थेट दारात आला आहे.

"कापून टाका," मी म्हणालो.

"छे. कधी लागेल सांगता येत नाही."

ताई हल्ली सकाळी पिशवी घेऊन एकटी गल्लीच्या टोकापर्यंत जाते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते आणि स्वतःच्या पायांनी परत येते. दाराशी ती सवयीने जरा तिरकी होते आणि आत शिरते. मला ती सवय नाही. दर खेपेला चहासाठी आत जाताना तो दगड माझ्या कमरेत बसतो, आणि मी या घराविषयीचं माझं मत पुन्हा एकदा, पुरेशा स्पष्ट शब्दांत, मांडतो. परवाही मांडलं. भावोजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, डोकं जरा कलतं केलं, आणि म्हणाले,

"दगड आहे तेवढाच आहे, मेहुणे. तुमच्या कमरेचं माप वाढलंय."