टँकरच्या आडोशानं चढ

आता ऐकाच, पण चहाचा घोट आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि वर दुष्काळ. नव्या कचेरीत टायपिस्टची जागा निघाली. माझ्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "एकडाव मुलाखतीला जाऊन ये. न्हाई जमलं तर मग घरीच."

एकदाच! म्हणजे वेळेवर पोचायलाच हवं. एसटीचा काय भरवसा? सायकल काढली.

वाटेत चढ होता, पण माझ्याकडे यांनी शिकवलेली युक्ती होती. हे शाळेत विज्ञान शिकवतात. सपाट रस्त्यावर यांच्या मागं सायकल ठेवली की वारा यांच्या छातीवर, मी आपली फुकटात तरंगत!

चढाला लागले तर पुढं पाण्याचा टँकर, रखडत निघालेला. यांच्यापेक्षा केवढा रुंद! चिकटले मागं. धूळ म्हणून पदर नाकाला, मान खाली, डोळे टँकरच्या चाकावर. आधी धाप लागली. मग एकदम सायकल हलकी झाली. वा! काय ती विद्या!

टँकर थांबला. मान वर केली तर लातूर कुठलं? अनोळखी वस्ती, आणि घागरी घेऊन धावणाऱ्या बाया.

ड्रायव्हर उतरला तो हात जोडूनच. कॅरिअरला लावलेली माझी सर्टिफिकिटांची फाईल त्यानं पाहिली होती ना! "बाईसाहेब, कवाधरनं आरशात बघून राहिलो तुम्हाला. वाटंत थांबलो का कुठं? थेंब बी इकला न्हाई!"

मी नव्या सुनेच्या सवयीनं गप्प. गप्प म्हणजे लईच कडक साहेब, असं ठरलं.

"नव्या जिल्ह्याची बाई हाय," एक म्हातारी म्हणाली. "बरं झालं आलीस माय. रोज अर्धाच येतो मेला, आज काठोकाठ हाय."

"मावशी, मी मुलाखतीला..."

"घे की! माझी पयली घे!"

घेतली. सगळ्यांचीच गाऱ्हाणी ऐकून घेतली. दुष्काळात पुढं केलेला पाण्याचा तांब्या हातात असताना उठून कसं जायचं, सांगा?

सुटका झाली, मागं वळले, तर समोर चढ! म्हणजे टँकर मघाशी अर्ध्यातूनच आडरस्त्याला वळला होता आणि मी उतरत आले होते. सायकल ढकलताना डोक्यात उजेड पडला. वारा अडवायचा तर आधी वेग हवा. चढावर गोगलगायीच्या चालीला कुठला वारा? तिथं ओढायचं ते आपलंच वजन, आणि ते कुणाच्या मागं लपून कमी होत नाही.

कचेरीत पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.

घरी सगळं सांगितलं. हे हसू दाबत खिडकीबाहेर बघत राहिले. सासूबाई मात्र विचारात पडल्या.

"उतार होता म्हन्तीस. मग पाय थांबले असतील की? तवा बी कळलं न्हाई?"

"पायडल मारत होते, आत्याबाई."

"उताराला?"

"हाव. जीव तोडून."

त्यांनी कपाळाला हात लावला. "असली बाई घरात ठिवून मी काय करू? फुडली जागा निघाली की यष्टीनं जा. आन् डायवरच्या मागं बसू नको!"