दारात थांबणारी घोडी

आमच्या यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर डोक्यावर बसले असते. तोंडावर मी एवढंच म्हणायचे, की तुम्ही लग्न माझ्याशी केलंत की पागेशी, ते एकदा ठरवा.

हे शाळामास्तर. डोंगरउतारावर विखुरलेली घरं, एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी पोचायची नाही अशी, आणि मध्यावर दोन खोल्यांची दगडी शाळा. नोकरी लागली तेव्हा यांच्याजवळ एक ट्रंक, एक छत्री आणि कुणीतरी फुकट दिलेली लंगडी घोडी, एवढाच संसार होता. घोडी कशाला घेतलीत विचारलं, तर म्हणे, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आता यावर बायकोने काय बोलावं? तिचा पाय यांनी रोज शेकून, बांधून बरा केला. पुढे तिला शिंगरू झालं, मग आणखी एक, आणि पागा वाढत गेली. नावं काय, तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार. भागाकार नावाचा घोडा चावायचा. त्याला ते नाव शोभायचंही.

घोडं असो की पोर, ओरडून कुणालाच काही येत नाही, हे यांचं ठाम मत होतं. वर्गात छडी नव्हती. एखाद्या मठ्ठ पोराला गणित जमलं, की तिथेच पाटी बंद. "जमलंय ना, मग आता खेळायला जा." शिंगराला लगाम शिकवतानाही तेच. चार पावलं नीट चाललं की लगाम काढून मोकळं सोडायचे. पालक कुरकुरायचे, मास्तर पोरांना लाडावून ठेवतात म्हणून. पण हीच पोरं पुढे शहरात जाऊन नाव काढून आली, तेव्हा कुरकुरणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. मी मात्र मुद्दाम एकेकाला गाठून आठवण करून दिली. तेवढा हक्क माझा होताच.

एक घोटाळा मात्र व्हायचा. वर्गात जिभेने टक् टक् करून पोरांना फळ्यापाशी बोलवायचे आणि घरी येऊन घोड्यांची हजेरी घ्यायचे. एकदा मी पाण्याची कळशी घेऊन चढ चढून आले, तर माझ्या मानेवर थोपटून म्हणाले, "शाबास, आता जरा दम खा." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. त्यांना ते संध्याकाळी कळलं.

लांबच्या घरांतली पोरं शाळेत येत नसत. वाट निसरडी, त्यात धुकं, आणि घरी कामं. दुसरा मास्तर असता तर हजेरीत गैरहजर लिहून मोकळा झाला असता. यांनी सकाळी घोडे घेऊन दारोदार जायला सुरुवात केली. लहानगी असतील तर एका पाठीवर दोघं. दुपारी शाळा सुटली की तोच लवाजमा उलट्या वाटेने. पुढे पुढे घोड्यांनाच वाट इतकी पाठ झाली, की हे मागून नुसते गप्पा मारत चालायचे.

एकदा एक पोर दारात उतरवलं, आणि घरात कुणीच नव्हतं. ते एकटंच भटकत पार ओढ्यापर्यंत गेलं. सापडलं, सुखरूप सापडलं, पण यांना कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही. "मूल दारात टाकून यायचं नसतं, कुणाच्या तरी हाती द्यायचं असतं," असं स्वतःशीच बोलत बसायचे. मग घोड्यांना शिकवलं. प्रत्येक दारात थांबायचं. घरातलं माणूस बाहेर येऊन मानेवर हात ठेवत नाही, तोवर एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. छडी नाही, ओढाताण नाही, नुसता हात आणि गाजराचा तुकडा. सगळे शिकले, भागाकारसुद्धा.

मग रस्ता झाला, बस सुरू झाली, पोरं खालच्या मोठ्या शाळेत जायला लागली. हे निवृत्त झाले आणि आमच्या शाळेला कुलूप लागलं. घोडे एकेक करून यांनी चांगल्या घरी दिले. उरली एक घोडी. तिचं नाव उजळणी, कारण आईचे सगळे धडे ती न शिकवता गिरवायची. शाळा बंद झाली हे तिला कोण सांगणार? दुपार कलली की ती फाटकाशी येऊन उभी राहायची. हे फाटक उघडायचे, आणि दोघं रिकाम्या पाठीने फेरीला निघायचे. पोरं केव्हाच मोठी होऊन उडून गेलेली. दारात यायच्या त्या त्यांच्या म्हाताऱ्या आया. हात ठेवायच्या, दोन शब्द बोलायच्या, की स्वारी पुढे.

यांचे गुडघे गेले होते. शहरातून मुलगा सारखा बोलवत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. नळाचं पाणी, लिफ्ट, उन्हाची गॅलरी, मांडीवर नातवंड. उभा जन्म मी चढ चढले होते. अडलं होतं ते घोडीपाशी. "तिचं काय करायचं?" एवढं म्हणून हे गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्यावर माझी वर्षं चालली होती. शेवटी मीच गिऱ्हाईक शोधलं. खालचा लाकूडवाला. त्याला ओंडके ओढायला जनावर हवं होतं. माणूस तापट, पण जनावर उपाशी ठेवणारा नव्हता. यांनी त्याला घोडीचं सगळं सांगितलं, पाणी कसलं पिते, नाल कुठला सैल होतो. दारात थांबण्याचं तेवढं सांगायचं राहिलं. आमच्या लेखी ती सवय नव्हतीच, श्वास घेण्यासारखी गोष्ट होती ती. श्वास घेते हे कोण सांगतं?

तो सकाळी यायचा होता, पण ट्रक बिघडला आणि दुपारी आला. ट्रक वर चढत नव्हता, म्हणून घोडी रस्त्यापर्यंत चालवत न्यायची होती. आम्ही दोघं निरोप द्यायला बरोबर निघालो. पहिल्या दारात उजळणी थांबली. सुताराची आई बाहेर आली, हात ठेवला, डोळे पुसले. दुसऱ्या दारात थांबली. लाकूडवाला वैतागला. "मास्तर, ही काय दारोदार भीक मागते का?" यांचा चेहरा मला बघवत नव्हता, म्हणून मी घोडीच्या शेपटीकडे बघत चालले.

रस्त्याआधीचं शेवटचं घर एका टेकाडावर, सगळे जिला मावशी म्हणायचे तिचं. माझं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिच्या कुंडीतली फुलं आमच्या घोडीने खाल्ली, यावरून ती मला रस्त्यात गाठून ऐकवायची. घोडीच्या मानेवर हातही शिव्या देतच ठेवायची. एकटीच राहायची, मुलगा परदेशी.

उजळणी दारात थांबली. दार लोटलेलं. कुणी आलं नाही. लाकूडवाल्याने दोर ओढला, ती हलली नाही. मागून ढकललं, नाही. "माझा अंधार पडायच्या आत निघायचा बेत आहे," म्हणत त्याने चाबूक काढला. हे पुढे झाले आणि यांनी त्याच्या हातातून चाबूक सरळ काढून घेतला. इतक्या वर्षांत यांना कुणाच्या हातातलं काही हिसकावताना मी पाहिलं नव्हतं. "थांबा," हे म्हणाले. "ती ऐकत नाहीये, असं नाही. मावशी घर सोडून कुठे जात नाही, आत काहीतरी झालंय."

मी आधी आत गेले. मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली. एक पाय वेडावाकडा, ओठ काळेनिळे, चूल गार. सकाळपासून तशीच होती. आवाजसुद्धा फुटत नव्हता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला रडू फुटलं. ज्या बाईचं तोंड बघायला नको म्हणायचे, तिचं तोंड मी पदराने पुसत बसले.

लाकूडवाल्याने मग जे केलं, ते मी विसरणार नाही. बिजागऱ्यांवरून दार उचकटलं, त्यावर तिला निजवलं, धावत जाऊन सुताराच्या घरच्यांना आणलं आणि घामाघूम होत ट्रकपर्यंत तिला अलगद नेलं. घोडी राहू दे, दवाखाना आधी, म्हणाला. नंतर येतो तिला न्यायला.

ट्रकमध्ये चढवताना मावशीने माझं मनगट धरलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "टापा ऐकू येत होत्या गं. मला हाक मारता येईना. वाटलं, आता जाईल, आता जाईल. गेलीच नाही." मग मनगट न सोडता, "मी घरी आले की येईल ना ती?"

लाकूडवाला माझ्याकडे बघत होता. हे बघत नव्हते. हे मान खाली घालून मावशीचं पांघरूण सारखं करत होते. माझ्याकडे यांनी आयुष्यात काही मागितलं नाही, आणि आताही मागणार नव्हते.

"येईल," मी म्हटलं. "रोज येईल." आणि लाकूडवाल्याला म्हटलं, "भाऊ, तुम्ही दुसरं जनावर बघा."

सुताराच्या घरची माणसं मावशीबरोबर बसली आणि ट्रक गेला. हे रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

"मुलाला काय सांगायचं?" यांनी विचारलं. "तुझी गॅलरी..."

"गॅलरी गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "उठा आता, मला चढ चढायचाय."